शाळेतला आदिवासी दिन : मंचावर सत्कार होतो, पण हजेरीपटावर नाव टिकतं का?

शहापूर/मुरबाड : ऑगस्ट उजाडला की दोन्ही तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळांमध्ये ९ तारखेची तयारी सुरू होते. भिंतीवर वारली चित्रं काढली जातात, बिरसा मुंडांच्या फोटोला हार आणला जातो, पोरं तारप्यावर किंवा ढोलावर फेर धरतात. गुरुजी भाषण करतात, खाऊ वाटला जातो आणि दुसऱ्या दिवशी शाळा पुन्हा नेहमीसारखी भरते.

दिवस साजरा होतो ही चांगलीच गोष्ट आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बऱ्याच शाळांना हा दिवस ठाऊकही नव्हता. पण ज्या पोराने ९ ऑगस्टला नाच केला, त्याचं नाव दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेल्यावर पटावर राहतं का, त्याच्या दाखल्यावर जमात बरोबर लिहिली आहे का, वर्गात त्याच्या बोलीला कोणी हसतं का, हे प्रश्न उरतात. आदिवासी समाजाचा शाळेतला मान या रोजच्या गोष्टींवर ठरतो. पालक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना उपयोगी पडेल अशी ही सविस्तर माहिती.

९ ऑगस्ट आणि १५ नोव्हेंबर : दोन दिवस कशासाठी?

९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. संयुक्त राष्ट्रसंघात मूळ निवासी समाजांच्या प्रश्नांवर नेमलेल्या कार्यगटाची पहिली बैठक १९८२ साली या तारखेला झाली. त्याची आठवण म्हणून डिसेंबर १९९४ मध्ये राष्ट्रसंघाने हा दिवस जाहीर केला. १३ सप्टेंबर २००७ रोजी राष्ट्रसंघाने या समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, त्याच्या बाजूने भारतानेही मत दिलं. स्वतःची भाषा आणि संस्कृती जपत शिकण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. आपल्याकडे ९ ऑगस्ट हा १९४२ चा क्रांतिदिनही असल्याने शाळेत दोन्ही कार्यक्रम एकत्र होतात.

१५ नोव्हेंबर हा बिरसा मुंडा यांचा जन्मदिवस. ते १८७५ साली आजच्या झारखंडमध्ये जन्मले आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. २०२१ पासून केंद्र सरकारने हा दिवस जनजातीय गौरव दिवस म्हणून ठरवला आहे.

तारखांमधला एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. ९ ऑगस्टला आवणी नुकती उरकलेली असते किंवा चालू असते आणि बहुतेक कुटुंबं गावात असतात. १५ नोव्हेंबरपर्यंत दिवाळी होऊन गेलेली असते आणि कातकरी वाड्यांतली कितीतरी घरं कुलूपबंद असतात. ज्यांच्या गौरवाचा दिवस, तीच पोरं त्या दिवशी शाळेत नसतात.

आपल्या तालुक्यांत कोणत्या जमाती आहेत?

शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, तर मुरबाड तालुक्यातली काही गावं येतात. दोन्ही तालुक्यांत ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आणि वारली या जमाती प्रामुख्याने राहतात. ठाकूर समाजात ‘क’ आणि ‘म’ अशा दोन शाखा आहेत. महादेव कोळी सह्याद्रीच्या कडेने माळशेज, नाणेघाट आणि पलीकडे जुन्नर-अकोल्यापर्यंत पसरलेले आहेत.

महाराष्ट्रात तीन जमाती अतिअसुरक्षित गटात मोडतात : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. यातली कातकरी ही आपल्याकडची. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेलं पीएम-जनमन अभियान घरकुल, रस्ता, पाणी, शिक्षण यासाठी अशाच गटांकरता आहे.

कातकऱ्यांवरचा शिक्का

कातकरी हे नाव काथावरून आलं. खैराच्या झाडाच्या गाभ्यापासून काथ काढणं हा या समाजाचा परंपरागत धंदा. इंग्रजांनी १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव करायला सुरुवात केली. खैर तोडणं गुन्हा झाला आणि धंदा बसला. पुढे कोळसा पाडणं, शेतमजुरी आणि वीटभट्टी एवढंच हातात उरलं. आजही अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर उभ्या आहेत.

त्यात भर पडली गुन्हेगारीच्या शिक्क्याची. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो देशभर वाढवला. माणसाने काही केलेलं असो वा नसो, विशिष्ट जमातीत जन्मला म्हणून तो संशयित, असा तो कायदा. कातकऱ्यांवरही हा शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला.

कायदा गेला, सवय मात्र राहिली. वर्गात कुणाचं पेन हरवलं की आधी कोणाचं दप्तर तपासलं जातं, हे वाडीतल्या कोणत्याही आईला विचारावं. इतिहासाच्या तासाला या कायद्याची गोष्ट सांगितली तर वाडीतल्या आणि गावातल्या अशा दोन्हीकडच्या पोरांना कळेल की हा डाग सरकारने लावला होता आणि तो खोटा होता. त्यासाठी ९ ऑगस्टच्या भाषणातली पाच मिनिटं पुरतात.

भाषणात घ्यावीत अशी जवळची नावं

बिरसा मुंडा यांचं नाव घ्यायलाच हवं. पण जवळच्या माणसांची नावं घेतली तर पोरांना ती जास्त भिडतात.

• राघोजी भांगरे : महादेव कोळी समाजातले अकोले तालुक्यातले बंडकरी. सावकार आणि इंग्रज सत्ता यांच्याविरुद्ध सह्याद्रीत बंड उभारलं. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी.

• नाग्या कातकरी : २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेर इथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी हे होते. ज्या समाजाला गुन्हेगार ठरवलं गेलं, त्याच समाजातला तरुण जंगलाच्या हक्कासाठी गोळी झेलून गेला.

• सिद्धगड : मुरबाड तालुक्यातल्या या गडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. दोघेही आदिवासी नव्हते. पण हा लढा आदिवासी वाड्यांच्या मुलखात, डोंगर-जंगलाच्या आधाराने चालला, हेही सांगायला हवं.

• राहीबाई पोपेरे : घाटापलीकडच्या अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी शेतकरी. शाळा शिकल्या नाहीत, पण गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० चा पद्मश्री पुरस्कार त्यांना जाहीर झाला.

• जिव्या सोमा मशे : डहाणू भागातले वारली चित्रकार, २०११ साली पद्मश्री. आधी लग्नाचा चौक बायकाच भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायच्या. मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली.

बाहेरच्या देशात शाळांनी काय केलं?

मूळ निवासींचा मान राखण्याची चर्चा शाळांपासूनच का सुरू होते, हे कॅनडाच्या उदाहरणावरून कळतं. तिथे शंभरहून जास्त वर्षं सरकार आणि चर्च मिळून निवासी शाळा चालवत होते. सुमारे दीड लाख मुलांना आईबापापासून तोडून या शाळांत ठेवलं गेलं. केस कापले, कपडे काढून घेतले, आपल्या भाषेत बोललं तर शिक्षा केली. हजारो मुलं परत घरी आलीच नाहीत. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली.

जून २००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्यानंतर सत्यशोधन आयोगाने हजारो लोकांच्या कहाण्या ऐकल्या आणि २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. तिथल्या शाळांमध्ये ३० सप्टेंबरला मुलं नारिंगी शर्ट घालून येतात. फिलिस वेबस्टॅड या सहा वर्षांच्या मुलीला आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट शाळेने पहिल्याच दिवशी काढून घेतला होता, त्याची ती आठवण. २०२१ पासून तो राष्ट्रीय दिवस आहे. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीही फेब्रुवारी २००८ मध्ये आईबापापासून तोडलेल्या मुलांच्या पिढ्यांची माफी मागितली.

आपल्या आश्रमशाळा त्या हेतूने निघालेल्या नाहीत. दुर्गम पाड्यातल्या मुलांना शिक्षण, राहणं आणि जेवण फुकट मिळावं म्हणून राज्याने १९७० च्या दशकात ही योजना घेतली. आज आपल्याकडच्या शासकीय आश्रमशाळांचा कारभार शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून पाहिला जातो. पालक स्वतः पोरं तिथे पाठवतात आणि त्यातून शिकून शिक्षक, नर्स, पोलीस झालेले कितीतरी आहेत. तरी सहा वर्षांचं पोर घरापासून लांब, परक्या बोलीत झोपी जातं ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. म्हणून कॅनडाकडून घेण्यासारखं इतकंच की, मुलाला शिकवताना त्याच्या घराची लाज वाटायला शिकवू नये.

कोसबाडचा धडा

हा धडा आपल्या जिल्ह्यात फार आधी गिरवला गेला होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, त्याआधी डहाणू तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

पाड्यातली मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यात नेली. घराच्या अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. गुरं राखणारी पोरं दिवसा येऊ शकत नव्हती, म्हणून गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरवली. खडे, बिया, पानं, शंख-शिंपले हेच शिकण्याचं साहित्य. ‘पोरांना शाळेची गोडी नाही’ असं म्हणून हात झटकण्यापेक्षा शाळेने आपली वेळ आणि जागा बदलली.

पुढे वीटभट्टीवरच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात भोंगाशाळा चालवल्या. भट्टीवर मजुरांची जी तात्पुरती झोपडी असते तिला भोंगा म्हणतात. तशाच झोपडीत शाळा भरायची.

मानाची पहिली जागा : जनरल रजिस्टर

आता मुद्द्याची गोष्ट. पोर पहिलीत आलं की शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख आणि जात-जमात लिहिली जाते. हीच नोंद पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते. जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्ती, नोकरी सगळं त्यावर उभं राहतं. इथे चूक झाली की ती पोराच्या पुढच्या आयुष्यभर मागे लागते.

१. जमातीचं नाव नेमकं लिहावं. ‘हिंदू आदिवासी’ एवढंच लिहिलं तर अडचण येते, कारण अनुसूचित जमातींच्या यादीत ‘आदिवासी’ नावाची जमात नाही. यादीत कातकरी, काथोडी, ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर, कोळी महादेव, वारली अशी नावं आहेत.

२. नाव आणि आडनाव घरी जसं म्हणतात तसं लिहावं. गुरुजींना नाव ‘बरं वाटत नाही’ म्हणून बदलू नये. आधार, रेशनकार्ड आणि रजिस्टर यांत वेगवेगळं स्पेलिंग झालं की सेतूत चकरा सुरू होतात.

३. जन्मतारीख अंदाजाने १ जून टाकण्याची जुनी पद्धत आहे. त्याऐवजी अंगणवाडी किंवा दवाखान्यातली नोंद शोधावी. जन्मनोंद नसेल तर ग्रामपंचायतीत उशिराच्या नोंदीची चौकशी करावी.

४. दुरुस्ती पोर शाळेत असतानाच करून घ्यावी. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार किचकट होते.

अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर हा कागद मिळणं अवघड. म्हणून ज्या घरात पहिलं पोर शिकतंय, त्या घराचा पुरावा त्या पोराच्या नोंदीपासूनच तयार होतो. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पडताळणी ठाण्याच्या समितीकडे होते.

दिवाळीनंतर : भट्टीवर गेलेलं पोर

पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला दिवाळीनंतर कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर निघतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. शाळेचं अर्ध्याहून जास्त वर्ष त्यात जातं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्यात पुढील हक्क आहेत :

• प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही.

• स्थलांतरित कुटुंबातल्या मुलाला प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. भट्टी ज्या गावात, तिथल्या शाळेत बसता येतं.

• दाखला आणला नाही किंवा वर्षाच्या मध्ये आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

• वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधारचंही तसंच आहे : ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं आहे.

• मागे पडलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घेऊन जादा शिकवणी द्यायची असते.

• मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींना बंदी आहे. जातीवरून भेदभाव करता येत नाही.

गाव सोडण्याआधी पालकांनी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. पोर कितवीत आहे, कुठपर्यंत शिकलं याची नोंद त्यावर असते आणि नव्या शाळेत ते दाखवता येतं. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर पोरं मागे ठेवता येतात. हंगामी वसतिगृहाची सोय आपल्या शाळेला मिळू शकते का, हे गटशिक्षण कार्यालयात दिवाळीच्या आधीच विचारावं. नंतर विचारून उपयोग होत नाही.

वर्गात काय करता येईल? खर्च फारसा नाही

बोली : कातकरी, ठाकरी, वारली या घरच्या बोली आणि पुस्तकातली मराठी यात अंतर आहे. पहिलीतलं पोर गप्प बसतं ते ‘ढ’ म्हणून नव्हे, त्याला शब्द कळत नाहीत म्हणून. शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं वरील कायद्यातच लिहिलं आहे. पोरांकडूनच शब्द गोळा करून एका बाजूला बोली, दुसऱ्या बाजूला मराठी असा तक्ता भिंतीवर लावता येतो. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे या विषयावरचं साहित्य आणि संग्रहालय आहे.

रानातलं ज्ञान : पावसाच्या तोंडावर शेवळं येतात. ती खाजरी असतात, म्हणून त्यात काकडं घालून भाजी करतात. हे कोणाला जास्त ठाऊक, गुरुजींना की वाडीतल्या म्हातारीला? टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली, बांबूचे कोंब यांची ओळख करून द्यायला त्याच म्हातारीला खुर्ची देऊन वर्गात बोलवावं. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही साधारण ऑगस्टमध्येच होतात.

चित्र : वारली चित्र भिंतीवर काढताना त्यातला चौक, तारपा, झाड यांचा अर्थ घरच्या बायकांना विचारून मुलांनी लिहून आणावा.

नाच : कार्यक्रमात फेर धरायला नेहमी आदिवासी पोरं आणि सूत्रसंचालनाला नेहमी गावातली पोरं, ही वाटणी मोडावी. माईक वाडीतल्या मुलीच्या हातात द्यावा.

बसण्याची जागा : पोषण आहाराच्या पंगतीत आणि बाकांवर वाडीची पोरं वेगळी बसतात का, हे शिक्षकांनी स्वतः एकदा पाहावं.

समितीत कोण बसतं?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. ज्या शाळेत वाडीतली मुलं जास्त, तिथे वाडीतले आईबापही समितीत हवेत. नावापुरते घेऊन सहीला घरी कागद पाठवणं म्हणजे समिती नव्हे. बैठक भट्टीचा हंगाम सुरू होण्याआधी ठेवली तर ते येऊ शकतात.

समितीने वर्षातून तीनदा एक साधं काम करावं. जूनमध्ये, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि मार्चमध्ये हजेरीपट उघडून वाडीतली किती पोरं आहेत आणि किती नाहीत ते मोजावं. जी नाहीत ती कोणत्या भट्टीवर, कोणत्या गावात आहेत ते लिहावं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवावं. तिथल्या शाळेला फोन करायला पाच मिनिटं लागतात.

म्हशाची यात्रा पौषात भरते तेव्हा भट्ट्या पेटलेल्या असतात. त्या दिवसांत मुरबाड-शहापूरकडच्या वाडीतलं एखादं पोर भिवंडीजवळच्या शाळेत बाकावर बसलेलं असेल आणि गावच्या पटावरही त्याचं नाव असेल, तर ऑगस्टमध्ये त्याच्या गळ्यात घातलेला हार कामी आला.